सुखरामचा राजीनामा

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम ज्यानं केला, त्याच्यावर विहारासाठी जीवनपरिचय लिहायची वेळ बहुतेक आली नसावी.

जबलपूरला अधारतालच्या आमच्या बुद्ध विहारात पावसाळ्यातला वर्षावास संपला की पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन असतं. वर्षभरात समाजातली जी माणसं गेली त्यांचे फोटो मांडायचे, मेणबत्त्या लावायच्या, वंदना घ्यायची आणि एकेकाचा जीवनपरिचय वाचून दाखवायचा. माणशी एक पान. ही पानं एकवीस वर्षांपासून मी लिहितो. मी मोहन रामटेके, वय चौऱ्याहत्तर. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं एक्झामिनर होतो. दुसऱ्यानं बनवलेला माल मापात बसतो का ते पाहायचं आणि शिक्का मारायचा, पास नाही तर रिजेक्ट. नोकरी संपली, सवय गेली नाही. भाजीवालीचा काटा, डॉक्टरचं निदान, जावयाचं हसू, मी सगळं तपासून घेतो. बायको म्हणते, लोक ताक फुंकून पितात, तुम्ही पाणीसुद्धा फुंकून पिता.

पण या कामाला असाच माणूस लागतो. घरचे लोक येतात आणि सांगतात, बाबा फार शिकलेले होते. मी म्हणतो, सर्टिफिकेट दाखवा. आई नागपूरच्या दीक्षेला हजर होती म्हणतात, तर मी आधी आईची जन्मतारीख विचारतो. कागद नाही तर ओळ नाही. लोक मागे काय काय बोलतात ते मला माहीत आहे, पण पान लिहायला माझ्याकडेच येतात.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचीच किंमत मोजायची आहे. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला जबलपूरला आले. तीन पिढ्या इथे गेल्या, चारी बाजूंनी हिंदी. पण माझ्या घरात मराठीच बोलायची, तीही बिनभेसळीची, असा दंडक आहे. नातवंडं ‘दादाजी, पानी’ म्हणाली की मला ऐकू येत नाही. नागपूरचा पेपर एक दिवस शिळा मिळतो, तरी तोच वाचतो.

यंदा पाच नावं होती. त्यातली दोन एकाच दिवशी वाचायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. सुखराम मेश्राम जुलैत गेला. वीरेंद्र रामटेके, माझा सख्खा धाकटा भाऊ, सप्टेंबरात.

या दोघांची गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची. रिछाईला पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता, आता तो नाही. वीरेंद्र तिथे फोरमन होता. सुखराम प्रेस मशीनवर. सुखरामला तिथे चिकटवलंही वीरेंद्रनंच. दोघे अधारतालला एकाच गल्लीत राहायचे, एका सायकलवर कामाला जायचे. एका दुपारी प्रेस खाली आली आणि सुखरामच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मशीनच्या तोंडाशी हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. ती त्या दिवशी नव्हती. सुखरामनं पोलिसांत लिहून दिलं की काम भराभर निघावं म्हणून फोरमननं जाळी काढायला लावली. वीरेंद्र म्हणाला, सुखरामनंच काढली. वीरेंद्रवर केस झाली.

मी भावाला एकदाच विचारलं, ‘‘जाळी तू काढली का?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला.

जगातल्या प्रत्येक गोष्टीचा संशय घेणारा मी, या एका शब्दाचा घेतला नाही. आईवडील गेल्यावर त्याला मी वाढवला होता. माझ्या हातचा माल होता तो, मी न तपासताच पास केला.

केस दोन वर्षं चालली. शेवटच्या तारखेला मी रजा काढून गेलो, पण कोर्टात शिरलो नाही. सुखरामचं तोंड पाहायची इच्छा नव्हती. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभा राहिलो. बाराच्या सुमारास वकिलाचा मुन्शी बाहेर आला, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, ‘‘राजीनामा हो गया, भैया. सुखराम ने राजीनामा कर लिया. केस खतम, मिठाई खिलाइए.’’

मला लख्ख कळलं. सुखरामनं कारखान्याचा राजीनामा दिला. नोकरीच सोडली, मग फरियाद कसली आणि केस कसली. खोटा होता, उघडा पडायची वेळ आली तेव्हा पळाला. मागून वीरेंद्र आला. त्याचे डोळे लाल होते. ‘‘सुटलो दादा,’’ एवढंच बोलला, आणि पुन्हा हा विषय काढू नको म्हणाला. मी काढला नाही. महिन्याभरात सुखरामनं खरंच कारखाना सोडला, अधारतालची खोली सोडली आणि बायकोच्या भावाच्या आसऱ्यानं गढ्याला राहायला गेला. आता याहून वेगळा पुरावा काय हवा होता? मी विहारात सगळ्यांना सांगितलं, सुखराम राजीनामा देऊन पळाला. लोकांनी ऐकलं. माझ्या शब्दाला किंमत होती.

गढ्याच्या बाजारात त्यानं पायरीएवढ्या जागेत दुकान टाकलं. कुकर, स्टोव्ह, कुलपं दुरुस्त करायचा. अंगठा आणि करंगळी, एवढ्यावर उजवा हात चालवायचा. कुकरची शिट्टी त्या दोन बोटांत धरून डाव्या हातानं पिना घालायचा, आणि बायका म्हणायच्या की त्याच्या हातचा कुकर पुन्हा बिघडत नाही. दर रविवारी सकाळी गढ्याहून अधारतालपर्यंत सायकल मारत विहारात यायचा. आला की आधी नळाचे वायसर बघायचा, मग माइक, मग मागच्या दाराची कडी. न सांगता सगळं दुरुस्त करायचा आणि शेवटच्या रांगेत बसायचा. मला वाटायचं, अपराधी माणूस आहे, फेडतोय.

त्याचं नाव कमिटीसाठी तीनदा निघालं. तिन्ही वेळा मी उभा राहिलो आणि भर सभेत विचारलं, ‘‘माणूस खरा होता तर शेवटपर्यंत लढायचं होतं. राजीनामा कशाला?’’ तिन्ही वेळा नाव पडलं. एकदा सभेनंतर तो माझ्याजवळ आला, हात जोडले आणि म्हणाला, ‘‘दादा, तुम्हाले पटलं नाही, मले माहीत आहे. पण मी मनानं केला होता, कोणाचा दबाव नव्हता. लेकरं लहान होती ना.’’

मी चपला घातल्या आणि निघालो. किती निगरगट्ट माणूस आहे, असं मनात आलं. पळाला तो पळाला, वर मनानं पळालो म्हणतो.

तर हा सुखराम जुलैत गेला. मी मयतीला गेलो नाही. नंतर कुणीतरी सांगितलं की वीरेंद्र गेला होता, ग्वारीघाटच्या स्मशानात शेवटपर्यंत थांबला होता. मला न सांगता. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘गेलो असाच.’’ ज्या माणसानं तुझ्यावर केस टाकली, त्याला पोचवायला तू असाच जातो? पाणी कुठेतरी मुरत होतं. विचारून घेईन म्हटलं, तर सप्टेंबरच्या दहा तारखेला सकाळी आंघोळ करता करता वीरेंद्र खाली पडला आणि उठलाच नाही. सदुसष्ट वर्षांचा होता. मी त्याचा फोटो फ्रेमला टाकायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, ‘‘आपके कौन थे?’’ आणि मी पावती मागितली.

ऑक्टोबरमध्ये सुखरामच्या बायकोचा, कलावतीचा फोन आला.

‘‘दादा, गढ्याहून कलावती बोलून राहिले. ह्यांचं पान तुम्हीच लिहा बरं. दुसऱ्या कोणाले देऊ नका.’’

‘‘पानं मीच लिहितो सगळी,’’ मी म्हणालो.

‘‘ते हो. पण ते जाण्याच्या आधी सांगून गेले. म्हणे, माह्यावर रामटेके दादानंच लिहावं. ते खोटं लिहीत नाहीत.’’

फोन ठेवला आणि मी विचार करत बसलो. ज्या माणसाला मी तीस वर्षं चारचौघांत पाण्यात पाहिलं, तो मरताना माझंच नाव घेतो? काहीतरी डाव असणार. एकाच दिवशी दोन पानं वाचायची आहेत, एक फरियादीचं आणि एक आरोपीचं. बाईला माझ्या तोंडून माझ्या भावाचं नाव खराब करायचं असेल. मी ठरवलं, जायचं, कागद मागायचे आणि कागदात नसेल ते एक अक्षर लिहायचं नाही.

गढ्याला त्यांचं घर गल्लीत आत आहे. दोन खोल्या, दारात दुकानातला राहिलेला माल, चार-पाच बिनझाकणाचे कुकर. कलावतीनं बसायला खुर्ची दिली, स्वतः खाली बसली. मला हे आदरातिथ्य जास्त वाटलं. मुलगी एकता ऑफिसातून नुकतीच आली होती. ती कोर्टासमोर एका वकिलाकडे टायपिंगचं काम करते. या पिढीसारखीच, मराठी सगळं कळतं, बोलताना हिंदीवर घसरते.

मी वही उघडली. जन्म कुठला, वडील काय करायचे, शिक्षण किती. कलावती सांगत होती आणि मी प्रत्येक गोष्टीला कागद मागत होतो. शाळेचा दाखला निघाला, सातवी पास. कारखान्याचं ओळखपत्र निघालं. ती सांगू लागली की हात गेल्यावर वर्षभर ते डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवत बसायचे, एकतासोबत, एकता तेव्हा पहिलीत होती. मी म्हटलं, याला कागद नसेल. तर तिनं ती पाटीच काढून दाखवली. मी लिहून घेतलं.

मग मी वही खाली ठेवली आणि मुद्द्यावर आलो. ‘‘वहिनी, त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, ती तारीख लागेल. पानावर ते येणारच. मी ते लपवणार नाही.’’

‘‘नका लपवू,’’ कलावती म्हणाली. ‘‘त्याचाच कागद तर जपून ठेवला आहे. एकता, ते प्लास्टिकची थैली आण.’’

थैलीतून चौपदरी घडी घातलेला, कडेनं पिवळा पडलेला कोर्टाचा कागद निघाला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, राजीनामा. मी चष्मा पुसला. कारखान्याचा राजीनामा कोर्टाच्या कागदावर कशाला लिहील कोणी?

‘‘हा कागद चुकीचा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘मला नोकरी सोडल्याचा कागद पाहिजे.’’

‘‘काका, वो तो इस्तीफा हुआ,’’ एकता म्हणाली. ‘‘पापांनी इस्तीफा कधी दिला नाही. कंपनीनं असंच काढून दिलं, हाथ काम का नहीं रहा तो. हे राजीनामा आहे.’’

‘‘राजीनामा म्हणजेच इस्तीफा, बेटी.’’

ती हसली. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, ‘‘नहीं काका. मैं रोज चार टाइप करती हूँ. राजीनामा मतलब समझौता. दोन्ही पार्टी राजी झाल्या, केस खतम. आपल्या मराठीत अलग मतलब होतो का?’’

जन्म या शहरात गेला आणि मला हा शब्द माहीत नव्हता, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण फॅक्टरीत रिजाइन म्हणत, आणि कोर्टाची पायरी मी चढलो नव्हतो. मुन्शी हिंदीत बोलला आणि मी मराठीत ऐकलं. एवढंच झालं होतं. मी कागद वाचायला घेतला. अक्षरं मुन्शीची होती, पण सरळ होती. हम दोनों पक्षों में आपसी सहमति से राजीनामा हो गया है. आरोपी वीरेंद्र ने मान लिया है कि मशीन की जाली उसी ने निकलवाई थी और वह शर्मिंदा है. फरियादी सुखराम ने उसे माफ किया. फरियादी पर किसी का दबाव नहीं है. खाली दोन सह्या. सुखरामची डाव्या हातानं केलेली, वाकडी, पाटीवर गिरवून आलेली. दुसरी वीरेंद्रची.

मी ती सही तपासली. खोटी निघावी म्हणून तपासली, हे कबूल करतो. कागद उजेडात धरला, शाई पाहिली, वीरेंद्रच्या ‘वी’ची वेलांटी पाहिली. ती वेलांटी मीच त्याला शिकवली होती, आमच्या वडिलांसारखी, डोक्यावरून पूर्ण फिरवून आणलेली. सही खरी होती.

‘‘माफ का केलं?’’ मी विचारलं.

‘‘तुम्हाले तर सगळं माहीतच आहे ना दादा,’’ कलावती म्हणाली. ‘‘वीरेंद्र भाऊ तारखेच्या आधी घरी आले, ह्यांचे पाय धरले. त्यांची बेबीताई नुकतीच बाळंत झाली होती, अश्वजीत दोन महिन्यांचा. हे म्हणाले, माझे बोटं तर परत येत नाहीत, याले जेल झाली तर त्या लेकराचं काय. लेकरं लहान आहेत म्हणाले. मी लय भांडले ह्यांच्याशी. मले नव्हतं पटलं. अन् तुम्हाले नव्हतं पटलं.’’

‘‘मला?’’

‘‘तुम्हीच तर दर मीटिंगमध्ये उठून बोलत होते ना, की खरा होता तर शेवटपर्यंत लढायचं होतं, राजीनामा काहून केला. हे घरी येऊन सांगत. म्हणत, पाहा कलावती, सख्खा भाऊ आहे, पण दादा न्यायाचं बोलतात. भावाले सोडलं म्हणून माह्यावर नाराज आहेत. असा माणूस समाजात दुसरा नाही. म्हणून तर म्हणाले, पान त्यांनीच लिहावं.’’

मी चहा प्यायलो. तिनं आणखी अर्धा कप ओतला, तोही प्यायलो. नाही वहिनी, असं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं नाही. तीस वर्षांत मला कुणी न्यायी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते या घरात. मी उठलो, नमस्कार केला आणि तो मान सोबत घेऊन अधारतालला परत आलो. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेबीताईकडे गेलो. भावजय आहे, पण मी तिच्याशी कामापुरतंच बोलतो. कागदाची गोष्ट काढली तशी तिनं हातातली भाजी खाली ठेवली.

‘‘मले माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘सुरुवातीपासून.’’

‘‘आणि मी सुखरामला काय काय बोलत होतो, तेही माहीत होतं?’’

‘‘ह्यांनी तुम्हाले सांगायचं दहा वेळा ठरवलं. तुमच्यासमोर उभे राहिले की गप होत. म्हणत, दादा माझं तोंड पाहणार नाही.’’ मग तिनं डोळ्याला पदर लावला. ‘‘भाऊजी, विहारात वाचू नका. अश्वजीतले काहीच माहीत नाही. बापाचं नाव असं सगळ्यांसमोर नको. मेलेल्या माणसाले आता काय फरक पडते.’’

मी उठून घरी आलो.

शनिवारी दिवसभर लिहीत बसलो. पहिल्या पानात राजीनाम्याचा उल्लेखच केला नाही. जन्म, शाळा, कारखाना, अपघात, दुकान, विहाराचे नळ. वाचून पाहिलं. सुखराम पुन्हा पळपुटाच राहत होता, कारण मी पसरवलेली गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात बसलेली होती आणि पान तिला हात लावत नव्हतं. ते फाडलं. दुसऱ्या पानात सगळं लिहिलं, जाळी, सही, माफी, आणि शेवटी लिहिलं की सुखरामनं लढा सोडला हे प्रस्तुत लेखकाला कधीच मान्य नव्हतं, तसं त्यानं वेळोवेळी सभेत बोलून दाखवलं आहे. या पानात एक शब्द खोटा नव्हता आणि अख्खं पान खोटं होतं. कुणालाही ते कळलं नसतं. वीरेंद्र नाही, सुखराम नाही, मुन्शी केव्हाच गेला. भावाचं पाप उघडं करणारा न्यायी मोठा भाऊ म्हणून मी बाहेर पडलो असतो, आणि कलावतीनं मला हात जोडले असते. ते पान मी जेवण होईपर्यंत ठेवलं होतं. मग तेही फाडलं.

रविवारी विहार भरला होता. पाच फोटो, पाच मेणबत्त्या. सुखरामचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे जरा धुरकट. त्याच्या शेजारीच वीरेंद्र, नव्या फ्रेममध्ये. डावीकडे बायकांत बेबीताई पांढऱ्या साडीत, तिच्यामागे दोन रांगा सोडून कलावती आणि एकता. अश्वजीत आपल्या बायकोसोबत दाराजवळ उभा होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. मी पन्नास-साठ वर्षं म्हणत आलो आहे.

गेले त्या क्रमानं वाचायचं असतं. पहिली दोन पानं वाचली, तिसरं सुखरामचं. मी त्याचा जन्म वाचला, सातवी पास वाचलं, डाव्या हातानं पाटीवर गिरवलेली अक्षरं वाचली. मग त्या शब्दाशी आलो. वाचलं की सुखराम मेश्राम यांनी सोळा जानेवारी एकोणीसशे पंचाण्णव रोजी कोर्टात राजीनामा केला. राजीनामा म्हणजे इथल्या कोर्टाच्या भाषेत समझौता. ज्या फोरमनच्या सांगण्यावरून जाळी काढली गेली, त्यानं चूक कबूल केली आणि सुखरामनं त्याला माफ केलं. तो फोरमन माझा भाऊ वीरेंद्र.

दाराकडे काहीतरी हललं. मी मान वर केली नाही, केली असती तर पुढचं वाचता आलं नसतं.

‘‘प्रस्तुत लेखकानं,’’ मी वाचलं, ‘‘हा शब्द चुकीचा ऐकला. सुखराम मेश्राम नोकरीचा राजीनामा देऊन पळाले असं त्यानं धरलं, आणि तीस वर्षं सगळ्यांना तेच सांगितलं. कागद न पाहता सांगितलं. कमिटीच्या सभेत तीनदा त्यांचं नाव पाडलं ते न्यायासाठी नाही. ते खोटारडे आहेत असं त्याला वाटत होतं म्हणून पाडलं.’’

मग बायकांच्या बाजूनं कलावती उभी राहिली. एकतानं तिचा हात धरून खाली ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

‘‘दादा,’’ ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. ‘‘म्हणजे तुम्ही त्यांना पळपुटा म्हणत होते?’’

‘‘हो.’’

‘‘तिन्ही वेळा?’’

‘‘हो वहिनी. तिन्ही वेळा.’’

तिनं सुखरामच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘अन् ते घरी येऊन मले सांगत, की दादा आज माझ्यासाठी भांडले.’’

ती खाली बसली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि म्हणावं असं मलाही वाटलं नाही. मी सुखरामचं पान खाली ठेवलं. बेबीताई जागची हलली नव्हती, नजर जमिनीवर होती. अश्वजीत दारातून पुढे आला होता आणि माझ्याकडे पाहत होता. चौथं पान वर घेतलं. ते त्याच्या बापाचं होतं आणि मला वाचायचं होतं.